डेट आहे का? बेळगावातून मॉडेलिंग आणि अँकरिंग करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात राहते. साड्या-दागिन्यांच्या जाहिरातींसाठी मॉडेलिंग, दुकानांचे आणि कॉलेजांचे व्हिडिओ, स्टेजवरचं निवेदन असं सगळं फ्रीलान्स करते. कामासाठी राखून ठेवायच्या दिवसाला आम्ही "डेट" म्हणतो. फोनवर तेच ते प्रश्न येतात. काही दुकानदारांचे, काही या कामात येऊ म्हणणाऱ्या पोरापोरींचे, काही नुसते चौकस. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

साडीचं शूट तर चार तासांचं. मग त्याच दिवशी संध्याकाळी आमचा कार्यक्रम का घेत नाही?

चार तास कॅमेरा चालतो. त्याआधी मेकअप आणि केसांना दीड तास जातो. प्रत्येक साडी नेसून, निऱ्यांना पिना लावून, पदर बसवून उभं राहायला पंधरा-वीस मिनिटं. फोनवर बारा साड्या ठरलेल्या असतात, पण तिथे गेल्यावर "ह्या दोन पण घ्या की ओ मॅडम, कालच आल्यात" हे ठरलेलंच. ब्लाउज कधीच मापाचा नसतो, तो मागून क्लिपांनी आवळावा लागतो. साडीगणिक दागिने बदलतात. सगळं उरकून, मेकअप काढून, जेवून उठेपर्यंत दुपारचे चार. दिवसभर लाइटसमोर राहिलेले डोळे तोवर लाल झालेले असतात आणि पाय भरून आलेले असतात.

आता संध्याकाळचा कार्यक्रम. पत्रिकेत सहा छापलेलं असतं. साडेसात वाजता पाहुण्यांची गाडी येते, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार. सत्काराच्या यादीत आयत्या वेळी आठ-दहा नावं वाढतात आणि ती चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून माझ्या हातात येतात. साडेदहाला सुटका होते.

दोन्ही कामं एका दिवशी करता येत नाहीत असं नाही. पण दुसऱ्या कामाला उरलेली मी मिळते, आणि पैसे मात्र त्यांनी पुरते दिलेले असतात. म्हणून माझा नियम साधा आहे. दोन्ही ठिकाणं शहरातलीच हवीत, पहिलं काम दुपारी एकला संपलं पाहिजे, आणि दुसरं चेहऱ्याचं नसावं, म्हणजे व्हॉइसओव्हर (नुसत्या आवाजाचं काम) किंवा फिटिंग (कपडे घालून माप बघणं). सकाळी इथलं शहापूर आणि संध्याकाळी निपाणी, गोकाक किंवा चिक्कोडी असला जोड मी घेत नाही. दरही याच हिशोबाने दिवसाचा ठेवलाय. अर्धा दिवस दुपारी एकला संपतो, त्यापुढे पूर्ण दिवस.

डेट "पक्की" कधी धरायची?

ॲडव्हान्स आला की. सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावरून होतात, म्हणून सविस्तर सांगते.

फोनवर "पंधरा तारीख ठेवा आमच्यासाठी" म्हणालात की मी ती कच्ची लिहिते. कच्ची डेट दोन दिवस तुमची. त्या दोन दिवसांत दुसऱ्या कुणी तोच दिवस मागितला तर मी आधी तुम्हाला फोन करते आणि त्या संध्याकाळपर्यंत हो-नाही विचारते. तुमचं "बघू, घरात विचारून सांगतो" आलं तर दिवस दुसऱ्याचा. निम्मे पैसे जमा झाले की डेट पक्की. मग समोरून दुप्पट पैसे आले तरी मी हलत नाही.

आपल्याकडे ॲडव्हान्स मागितला की माणसाला राग येतो. "आपलंच घर आहे की, पैसे कुठे पळतेत?" पैसे पळत नाहीत हे खरं आहे. तारखा मात्र पळतात. मुहूर्त बदलतो, मुलीकडच्यांचं मत बदलतं, आणि प्रमुख पाहुणा पुढारी असेल तर तारीख एकदा तरी बदलणार असं धरूनच मी चालते. बदललेली तारीख मोकळी असेल तर तोच ॲडव्हान्स तिकडे वळवते. मोकळी नसेल आणि कार्यक्रम दोन दिवसांवर आला असेल, तर ॲडव्हान्स परत मिळत नाही. त्या दिवसासाठी मी इतरांना नाही म्हटलेलं असतं.

पावसाने आउटडोअर शूट रद्द झालं तर पहिल्या वेळेला काही कापत नाही. दुसऱ्या वेळेला मेकअपवालीचे पैसे तुमच्याकडे. ती बिचारी पहाटे उठून येते.

कॅलेंडर कुठलं वापरता?

फोनमधलं एक आणि भिंतीवरचं एक. फोनमध्ये कच्ची डेट पिवळी, पक्की हिरवी आणि प्रवास राखाडी. प्रवासाला वेगळा रंग दिल्यापासून आठवडा खरा केवढा आहे ते दिसतं. भिंतीवरच्यात तिथी, मुहूर्त आणि अमावास्या असतात. आमच्या धंद्यात त्याला पर्याय नाही, कारण दुकानाचं उद्घाटन तिथी बघून ठरतं आणि माझ्या रविवारचा विचार त्यात कुणी करत नाही.

तुमचा सीझन नक्की कधी असतो?

गिऱ्हाइकाला जेव्हा सण दिसतो, त्याच्या दोन महिने आधी.

दिवाळीच्या जाहिराती श्रावण-भाद्रपदात शूट होतात. बाहेर धो धो पाऊस, आत मी भरजरी साडीत पणत्यांचं ताट घेऊन उभी. वडगाव, खासबाग, शहापूर भागात माग आहेत, साड्यांची दुकानं आहेत, आणि लग्नाचा बस्ता बांधायला गोवा-कोकणातून लोक इकडे येतात. त्यामुळे लग्नसराईचं शूटही तुळशीच्या लग्नाआधी उरकावं लागतं. अक्षय्य तृतीयेच्या दागिन्यांचं शूट होळीच्या आसपास होतं.

गणपतीचे दिवस स्टेजचे. बेळगावात सार्वजनिक गणेशोत्सव १९०५ साली झेंडा चौकात लोकमान्य टिळकांच्या हस्ते सुरू झाला, तेव्हापासून इथल्या गल्ल्यांना तो अभिमान आहे. मंडळांचे कार्यक्रम, बक्षीस समारंभ, मुलाखती यांत ते दिवस भरून जातात. विसर्जनाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी काहीही घेत नाही, कारण मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते आणि शहरात गाडी हलत नाही. शिवजयंतीचंही तसंच. आपल्याकडे ती वैशाख शुद्ध द्वितीयेला धरून होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर असते. पुण्या-मुंबईच्या एजन्सीला हे ठाऊक नसतं. त्यांच्या यादीत शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते, आणि मग एप्रिल-मेमध्ये नेमक्या त्याच दिवशी "बेळगाव मार्केटमध्ये बाइट्स घ्यायचेत", म्हणजे लोकांना कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलतं करायचंय, असा फोन येतो.

पितृपक्षात उद्घाटनं नसतात. दातांचा डॉक्टर, गाडीचं सर्व्हिसिंग, पोर्टफोलिओचे नवे फोटो हे सगळं त्या पंधरवड्यात. अधिक मासातही लग्नं थांबतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे लग्नसराईचा ऐन शेवटचा महिना गेला. त्या वर्षीच्या कमाईचा हिशोब आधीच करून ठेवावा.

१ नोव्हेंबरला मी बेळगावात काम घेत नाही. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा मराठी माणसांचा काळा दिवस. चन्नम्मा सर्कलच्या आसपास तर जायलाच नको. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये, म्हणजे इथल्या विधानभवनात, विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की शहरातल्या हॉटेलांच्या खोल्या संपतात. बाहेरून कॅमेऱ्याची टीम येणार असेल तर ते दिवस सोडून दुसरे बघा, असं मी स्वतःहून सांगते. नाहीतर त्यांना धारवाडला राहावं लागतं आणि उशीर झाला म्हणून तोंड माझं पाहिलं जातं.

कोणत्या भाषेत निवेदन करता? भाषेप्रमाणे पैसे बदलतात का?

मराठी, कन्नड आणि हिंदी. पैसे भाषेवर बदलत नाहीत, भाषा किती आहेत त्यावर बदलतात, कारण तयारीचा वेळ वाढतो.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. कन्नड शाळेत होतं, आणि बाकीचं बाजारात आणि शेजारात शिकले. "एल्लरिगू नमस्कार"ने सुरुवात करून दोन मिनिटं बोलणं कुणालाही जमेल. खरी परीक्षा सत्काराच्या नावांची. हुद्दा आधी की नाव आधी, कुणाला "मान्य" म्हणायचं, कुठल्या मठाच्या स्वामीजींचा उल्लेख कसा करायचा, यात चूक झाली तर बाकी कार्यक्रम कितीही छान होवो, लोकांच्या ध्यानात तेवढंच राहतं. म्हणून पाहुण्यांची यादी आदल्या दिवशी दुपारपर्यंत मागते. मिळाली की आयोजकांपैकी एखाद्या काकांना प्रत्येक नाव फोनवर एकदा म्हणायला लावून रेकॉर्ड करते आणि रात्री भांडी घासताना ऐकते.

दोन भाषांच्या कार्यक्रमात प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला मी तयार नसते. लोक कंटाळतात आणि कार्यक्रम दीडपट लांबतो. स्वागत एका भाषेत, पुढची घोषणा दुसऱ्या भाषेत, विनोद ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. समोर बसलेल्यांना दोन्ही कळतात, ते घरात तसंच तर बोलतात. कुणाला किती भाषा मिळाली याचं मोजमाप आयोजकांनी आधी आपापसांत मिटवावं. स्टेजच्या मागे उभं राहून ते मिटवण्याचं काम माझं नाही.

कॅमेऱ्यासाठी गोष्ट वेगळी. एकच व्हिडिओ तिन्ही भाषांत हवा असेल तर तीन वेळा शूट होतो. टेलिप्रॉम्प्टरवर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे गेलं की कानाला घाई वाटते, तेव्हा दोन मिनिटांच्या व्हिडिओला अडीचशे शब्दांची संहिता बास. लोक सहाशे शब्द पाठवतात आणि "जरा फास्ट बोला की" म्हणतात.

कोल्हापूर, हुबळी, गोवा, पुणे सगळीकडे जाता. प्रवासाचे दिवस कसे धरता?

कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर आणि हुबळी शंभरच्या आत, म्हणून दोन्ही एका दिवसात होतात. मात्र सकाळी आठचा कॉल टाइम (सेटवर हजर व्हायची वेळ) असेल तर मी आदल्या रात्री पोचते. सीमेवरच्या कोगनोळी टोलनाक्याला गाड्यांची रांग लागली किंवा हायवेचं काम चालू असलं की अर्धा तास कधी गेला कळत नाही, आणि घामाघूम होऊन मेकअपच्या खुर्चीत बसणं कुणालाच परवडत नाही.

गोव्याला चोर्ला घाटातून जाते, पण पावसाळ्यात रात्रीचा घाट नाही. याला अपवाद नाही आणि यावर वाद घालत बसत नाही. परतीची वेळ अंधारानंतरची असेल तर राहण्याची सोय तुम्ही करायची.

पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसाच्या कामाला कॅलेंडरमधले दोन दिवस जातात, कधी तीन. पुणे-हुबळी वंदे भारत सुरू झाल्यापासून दिवसाचा प्रवास सुखाचा झाला, पण ती रोज नाही. तेव्हा डेट द्यायच्या आधी तिचे वार बघते. बंगळूरला रात्रीच्या रेल्वेने किंवा बसने जाते. रात्रभर बसून सकाळी क्लोजअप द्यायचा असेल तर डोळ्यांखाली काय दिसेल ते सांगायला नको. म्हणून बंगळूरच्या शूटला एक रात्र आधी पोचते आणि त्या रात्रीचं भाडं बिलात लावते. प्रवासाच्या दिवसाला मी निम्मा दर घेते. नव्या मुली हे मागायला लाजतात. लाजू नये, त्या दिवशी दुसरं काही कमावता येत नाही.

बाहेर शूट करायला चांगल्या जागा सांगाल? परवानगी लागते का?

यळ्ळूरचा राजहंसगड, गोकाकचा धबधबा, जांबोटी-कणकुंबीचा रस्ता. सगळ्यांना हेच सुचतं, म्हणून रविवारी तिथे उभं राहायला जागा नसते. मधल्या वारी, उजाडताना जा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि धुकं असलं तर चांगला उजेड यायला आठ वाजतात.

किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या संरक्षित वास्तूत धंद्याचं शूटिंग परवानगीशिवाय करू नका. खानापूरच्या बाजूला भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याला विचारावं लागतं. कॅम्प भाग लष्कराचा आहे, तिथे कॅमेरा काढायच्या आधी दोनदा विचार करा. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र असल्यामुळे ड्रोनवाल्याने डिजिटल स्कायचा नकाशा (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा) बघितलाच पाहिजे. परवानगीची कागदं काढणं प्रॉडक्शनचं काम, पण ती निघाली का हे मी आदल्या दिवशी विचारते. पोलिसांनी शूट थांबवलं तर दिवस माझाही वाया जातो.

एका दुकानासाठी काम केलं की समोरच्या दुकानासाठी करता येत नाही का?

कागदावर तसं लिहिलं असेल तर नाही. खडेबाजार, गणपत गल्लीत दुकानं एकमेकांच्या तोंडासमोर आहेत. दोन्ही होर्डिंगवर एकच चेहरा दिसला तर मालकांचं बिनसतं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण "तुम्ही आता आमच्याच" असं चहा पिताना म्हणणं म्हणजे करार होत नाही.

मी दोन गोष्टी लिहून घेते. फोटो कुठे वापरणार (होर्डिंग, पेपर, इन्स्टाग्राम, दुकानातला पडदा) आणि किती महिने वापरणार. त्या काळात त्याच मालाचं दुसरं काम घ्यायचं नसेल तर त्याचे वेगळे पैसे. एका दिवसाच्या शूटने माझे पुढचे सहा महिने अडत असतील तर एका दिवसाचा दर पुरणार कसा? एका दुकानाने माझा फोटो मुदत संपल्यावरही दोन दिवाळ्या वापरला. तोंडी बोलण्यावर काम केलेलं होतं, त्यामुळे पुढे काही करता आलं नाही. तेव्हापासून साधा एक पानी कागद मराठीत तयार ठेवलाय.

बॅगेत काय काय असतं?

अंगाच्या रंगाचे दोन परकर, काळा-पांढरा-सोनेरी ब्लाउज, सेफ्टी पिनांचा डबा, दुहेरी टेप, नथ, सपाट चप्पल, स्वतःचं फाउंडेशन. दुसऱ्याचा स्पंज तोंडाला लावून घेत नाही. कॅमेऱ्यासमोर बारीक चौकड्यांचं कापड नको, पडद्यावर ते लाटा मारतं. हिरवा पडदा असेल तर हिरवी साडी नको. काचेच्या बांगड्या आणि लेपल माइक (कपड्याला लावायचा छोटा माइक) यांचं जमत नाही, साउंडवाला दर दोन मिनिटांनी थांबवतो. नवी करकरीत रेशमी साडीही माइकजवळ आवाज करते, पदर माइकपासून लांब पिन करावा.

रात्री उशीर होतो. घरचे काय म्हणतात?

सुरुवातीला आई म्हणायची, "एवढ्या रात्री कोण कार्यक्रम ठेवतंय गा?" आता ती निघण्याआधी एवढंच विचारते की गाडी कुणाची आहे.

नव्या मुलींना सांगते: पत्ता, आयोजकाचा नंबर आणि गाडीचा नंबर घरात कुणाला तरी पाठवून मगच निघा. फिटिंग हॉटेलच्या खोलीत असेल तर एकटीने जाऊ नका, स्टुडिओत किंवा दुकानात ठेवा म्हणा. कपडे बदलायला कडी असलेली जागा पाहिजे, हे डेट पक्की करतानाच बोला. यावर तोंड वाकडं करणाऱ्यांचं काम सोडलं तर नुकसान होत नाही.

महाराष्ट्रातलं काम केलं तर जीएसटी लागतो का? बिल कसं करायचं?

सीमेवर राहणाऱ्यांचा हा खास प्रश्न, कारण आपलं निम्मं काम हद्दीपलीकडे असतं. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर केवळ दुसऱ्या राज्यात बिल केलं म्हणून नोंदणी करावी लागत नाही. ऑक्टोबर २०१७ पासून ही सवलत आहे. तरी कोल्हापूरचा एखादा अकाउंटंट "जीएसटी नंबर नसेल तर पैसे देता येत नाहीत" म्हणतो. त्याला शांतपणे सांगायचं.

तुमची रक्कम व्यावसायिक फी म्हणून धरली तर बहुतेक कंपन्या १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापतात. तो आपलाच पैसा आहे. आयकराच्या पोर्टलवर तो जमा दिसतो का ते बघत राहा आणि रिटर्न भरा. कर कमी बसत असेल तर परत मिळतो. मी महिन्यातली एक सकाळ फक्त बिलं पाठवायला आणि थकलेल्या बिलांचे फोन करायला ठेवते. त्या सकाळी शूट घेत नाही.

इन्स्टाग्रामवर आमच्या क्रीमची रील करून द्याल का? दहा मिनिटांचं तर काम आहे.

करते, पण पैसे घेतलेत हे रीलमध्ये दिसलं पाहिजे, तसा नियम आहे. आणि "सात दिवसांत गोरं" असलं काही बोलणार नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दहा मिनिटांचं म्हणाल तर अर्धा दिवस लागतो.

आजारी पडलात तर?

ताप असेल तर गोळी घेऊन जाते. आवाज बसला असेल तर जात नाही. कोमट पाणी पिऊन गप्प बसणं हाच उपाय, खडीसाखर चघळल्याने बसलेला आवाज संध्याकाळपर्यंत येत नाही. शहरातल्या आणखी दोघी निवेदिकांशी माझं बोलणं झालेलं आहे. एकीचा आवाज गेला की दुसरी जाते आणि जी कार्यक्रमाला जाते, पैसे तिचे. आमच्यात स्पर्धा आहेच, पण आयोजकाला ऐनवेळी एकटं सोडलं तर पुढच्या वर्षी तिघींनाही बोलावणं येत नाही.

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून हे करता येईल का?

व्हॉइसओव्हर आणि रविवारची शूट्स येतील. स्टेजचं निवेदन अवघड, कारण मुहूर्त मंगळवारीही निघतो आणि कॉलेजांची गॅदरिंगं मधल्या वारीच असतात. विद्यार्थ्यांनी परीक्षेचं वेळापत्रक लागलं की ते दिवस लगेच लाल करून टाकावेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यात चांगल्या ऑफर येतात आणि परीक्षाही तेव्हाच असतात. नोकरी सोडायची घाई नको. एक पूर्ण वर्ष, पावसाळा धरून, कमाई लिहून बघा. जून-जुलैचे आकडे बघून बरेच जण आपोआप ठरवतात.

गल्लीतल्या मंडळासाठी पैसे घेता का?

आमच्या गल्लीसाठी नाही. बाकी सगळ्या गल्ल्या मला आपल्याच मानतात, त्यांच्यासाठी घेते.

डेट विचारताना मेसेजमध्ये काय लिहू?

तारीख. गाव आणि तालुका. काम कॅमेऱ्याचं की स्टेजचं. कोणकोणत्या भाषा. किती वाजता पोचायचं आणि पत्रिकेवर किती वाजलेत (दोन्ही लिहा). फोटो किंवा व्हिडिओ कुठे आणि किती महिने वापरणार. कपडे कुणाचे. त्या दिवशी फोन उचलेल अशा एका माणसाचा नंबर. एवढं असेल तर संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवते. नुसतं "हाय मॅडम" असेल तर पितृपक्षात.